आरोपी आणि अपराधी

वस्त्रावर डाग पडला तर तो पाण्याने धुऊन काढता येतो. परंतु माणसाच्या नावाला लागलेला डाग निघणे फार कठीण असते. असा डाग पुष्कळदा कृतीने लागतच नाही. तो नुसत्या शब्दाने लागतो. ‘चोर’ हा दोन अक्षरांचा शब्द उच्चारावयास क्षणभरही लागत नाही. पण ज्याला उद्देशून तो उच्चारला जातो, त्याचा तो वर्षानुवर्षे पाठलाग करतो. म्हणूनच गुन्हा, शिक्षा आणि तुरुंग यांविषयीचे शब्द फार जपून वापरावे लागतात. व्यवहारात ‘संशयित’, ‘आरोपी’, ‘अपराधी’, ‘कैदी’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजले जातात. वास्तविक यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा आहे आणि हा निराळेपणा सांभाळणे हेच न्यायाचे पहिले पाऊल होय.

समजा, एखाद्या गावी रात्री एक दुकान फुटले. सकाळी दुकानदाराने पोलीस ठाण्यात जाऊन हकिगत सांगितली. त्याने दिली ती ‘फिर्याद’ आणि तो झाला ‘फिर्यादी’. फिर्याद हा शब्द फारसी भाषेतून मराठीत आला आहे. मदतीसाठी फोडलेला टाहो, असा त्याचा मूळ अर्थ. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचा आक्रोश राज्याच्या कानी पडावा, ही भावना त्या शब्दात आजही दडलेली आहे.

पोलिसांनी तपास सुरू केला. त्या रात्री दुकानाच्या आसपास एक तरुण कोणास दिसला होता, असे कळले. तो तरुण झाला ‘संशयित’. संशय म्हणजे निश्चय नव्हे. मन जेव्हा ‘असेल’ आणि ‘नसेल’ यांच्यामध्ये झोके घेत असते, तेव्हा त्या अवस्थेला संशय म्हणतात. तो तरुण कदाचित आजारी आईसाठी औषध आणावयास निघालेला असेल. संशयिताविषयी एवढेच म्हणता येते, की त्याच्याकडे चौकशी करणे आवश्यक आहे.

चौकशीत काही पुरावा मिळाला आणि त्या तरुणावर चोरीचा आरोप ठेवण्यात आला, तर तो ‘आरोपी’ ठरतो. आरोप हा संस्कृत शब्द असून ‘वर ठेवणे, लावणे’ असा त्याचा अर्थ आहे. ‘वृक्षारोपण’ या शब्दातील आरोपण ते हेच. बागेतील ‘रोप’ हा शब्दही याच कुळातला. माळी रोप लावतो, परंतु लावलेले प्रत्येक रोप जगतेच असे नाही. मुळांना माती आणि पाणी मिळाले तरच ते उभे राहते. आरोपाचेही तसेच आहे. पुराव्याची माती आणि साक्षीचे पाणी त्याला मिळाले, तरच तो न्यायालयात टिकतो. नाही तर कोमेजून जातो. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेविला आहे असा मनुष्य. ज्याने गुन्हा केला आहे असा मनुष्य नव्हे.

आरोपीला पोलिसांनी पकडले तर त्याला ‘अटक’ झाली असे म्हणतात. अटक ही शिक्षा नव्हे. आरोपी पळून जाऊ नये, त्याने पुरावा नाहीसा करू नये, अशा कारणांसाठी त्याला अडवून ठेवलेले असते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक केलेल्या मनुष्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. आपल्याला का पकडले हे जाणून घेण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचाही त्याला हक्क असतो. पुढे न्यायालयाला योग्य वाटल्यास त्याची ‘जामिनावर’ सुटका होते. जामीन या शब्दाचा मूळ अर्थ हमी घेणारा मनुष्य असा आहे. ‘मी त्याला जामीन राहतो’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा ‘हा वेळेवर हजर होईल, याची जबाबदारी माझी’ असे तो सांगत असतो. जामिनावर सुटलेला मनुष्य निर्दोष ठरलेला नसतो. पण तो दोषीही ठरलेला नसतो. त्याचा निकाल अजून व्हावयाचा असतो.

मग खटला उभा राहतो. ‘साक्षीदार’ बोलावले जातात. हा शब्द मोठा मौजेचा आहे. त्यातील ‘साक्षी’ हा भाग संस्कृत असून प्रत्यक्ष पाहणारा असा त्याचा अर्थ आहे. तर ‘दार’ हा प्रत्यय फारसी आहे. मराठीने दोन भाषांची सांधजोड करून हा शब्द घडविला. ऐकीव गोष्टी सांगणारा तो साक्षीदार नव्हे, स्वतः पाहिलेले सांगणारा तो साक्षीदार, हा विवेक त्या शब्दाच्या पोटातच आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून, पुरावा पारखून न्यायाधीश निकाल देतात. आरोप सिद्ध न झाल्यास आरोपीची निर्दोष मुक्तता होते आणि त्या क्षणापासून त्याला आरोपी म्हणण्याचाही कोणास अधिकार उरत नाही. आरोप सिद्ध झाला, तर तो ‘सिद्धदोष’ ठरतो. आता मात्र त्याला ‘अपराधी’ किंवा ‘गुन्हेगार’ म्हणता येते. संशयितापासून अपराध्यापर्यंतची ही वाट लांब आहे आणि ती लांब असणे इष्टही आहे. ती टाळून घाईने निकाल लावला की काय होते, हे ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ या म्हणीत आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे.

‘अपराध’ आणि ‘गुन्हा’ हे शब्द आज समानार्थी वाटतात. पण त्यांची घराणी वेगळी आहेत. गुन्हा हा फारसी ‘गुनाह’ या शब्दापासून आला. अपराध हा संस्कृत शब्द. ज्या धनुर्धराचा बाण लक्ष्यापासून ढळला, त्यालाही संस्कृतात ‘अपराद्ध’ या शब्दाने ओळखले जाई. तेव्हा अपराध म्हणजे नेम चुकणे. ही कल्पना किती समंजस आहे! ज्याचा नेम चुकला, त्याने पुन्हा सराव केला तर त्याचा पुढचा बाण लक्ष्यावर बसू शकतो. चूक, पाप आणि अपराध यांतही भेद केला पाहिजे. गणित चुकणे ही चूक होय. तिला कोणी अपराध म्हणत नाही. मित्राशी खोटे बोलणे हे पाप मानले जाईल. परंतु त्यासाठी नेहमीच पोलीस येत नाहीत. कायद्याने जे कृत्य दंडनीय ठरविले आहे, तेच गुन्हा या नावाला पात्र होते.

गुन्हा सिद्ध झाला की शिक्षा होते. ‘शिक्षा’ या शब्दाचा इतिहास तर विचार करण्यासारखा आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे आणि शिकवणे. शिक्षक, शिक्षण, शिष्यवृत्तीसाठी झटणारा शिक्षणार्थी, हे सारे शब्द आपण आदराने उच्चारतो. हिंदीत आजही शिक्षा म्हणजे विद्याच. तेथे अपराध्याला होते ती ‘सजा’. मराठीत मात्र शिक्षण शाळेत राहिले आणि शिक्षा न्यायालयात गेली. असे का झाले असावे, याचे उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यातच सापडते. ‘त्याला चांगला धडा शिकवला पाहिजे’ असे कोणी रागाने म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पुस्तकातला धडा नसतो. शिकवणे आणि शासन करणे या दोन कल्पना लोकांच्या मनात अशा एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. तरीही मूळ अर्थ विसरता कामा नये. जिच्यापासून मनुष्य काहीच शिकत नाही, ती शिक्षा आपल्या नावाला जागली असे म्हणता येणार नाही.

‘दंड’ म्हणजे मूळची काठी. राजाच्या हातातील काठी हे त्याच्या सत्तेचे चिन्ह. म्हणून राजा जी शिक्षा देई, तिलाही दंड हेच नाव पडले. मराठीत पुढे या शब्दाचा अर्थ आकुंचित होऊन, शिक्षा म्हणून भरावयाची रक्कम एवढाच तो बहुधा उरला. जुन्या व्यापक अर्थाने तो शब्द कायद्याच्या नावात मात्र पुष्कळ काळ टिकला. १८६० साली इंग्रजी अमदानीत झालेला गुन्ह्यांविषयीचा मुख्य कायदा आपल्याकडे ‘भारतीय दंड संहिता’ म्हणून ओळखला जाई. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा ‘भारतीय न्याय संहिता’ या नव्या कायद्याने घेतली. नावातील ‘दंड’ जाऊन तेथे ‘न्याय’ आला, हा बदल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. या नव्या संहितेत काही लहान गुन्ह्यांसाठी समाजोपयोगी सेवा ही शिक्षाही सांगितली आहे.

शिक्षेच्या जवळचा, पण तिच्याहून वेगळा असा आणखी एक शब्द म्हणजे ‘प्रायश्चित्त’. शिक्षा दुसरा देतो. प्रायश्चित्त मनुष्य आपले आपण घेतो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या कटात त्यांचे चुलते रघुनाथराव यांचे अंग होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या अपराधास देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे प्रत्यक्ष रघुनाथरावांना निर्भयपणे सांगितले, ही कथा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्यालाही अपराधी म्हणण्याचे धैर्य आणि ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला पुराव्यावाचून अपराधी न म्हणण्याचा संयम, हे न्यायाचे दोन डोळे होत.

आता तुरुंगाकडे वळू. ‘कारागृह’ हा शब्द संस्कृत. ‘कारा’ म्हणजेच बंदिशाळा. ‘कैद’ हा शब्द अरबी. बेडी किंवा बंधन हा त्याचा अर्थ. ‘बंदी’ आणि ‘बंदिवान’ यांत बांधण्याची कल्पना आहे. ‘तुरुंग’ हा शब्द मात्र दूर समुद्रापलीकडून आला. पोर्तुगीज भाषेत झाडाच्या खोडाला ‘त्रोंकु’ म्हणतात. जुन्या काळी जाड लाकडाला भोके पाडून त्यांत अपराध्याचे पाय अडकवीत. त्या लाकडालाही तेच नाव पडले. पुढे जेथे असे लाकूड असे, त्या जागेलाही तेच म्हणू लागले. पोर्तुगीज लोक कोकणच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्याबरोबर हा शब्द आला आणि मराठीच्या तोंडी ‘तुरुंग’ झाला. गंमत अशी, की मराठीत स्वतंत्रपणे हेच घडले होते. झाडाच्या ‘खोडा’वरून पाय अडकविण्याच्या लाकडाला आपण ‘खोडा’ म्हणू लागलो. आज ते लाकूड गेले. पण कोणी कामात अडथळा आणला की ‘त्याने खोडा घातला’ असे आपण अजून म्हणतो.

तुरुंगवासाचेही प्रकार आहेत. ‘साध्या कैदे’त कामाची सक्ती नसते; ‘सक्तमजुरी’त ती असते. ‘जन्मठेप’ म्हणजे १४ वर्षांची कैद, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. सरकारने शिक्षेत सूट दिली नाही, तर जन्मठेप ही त्या मनुष्याच्या आयुष्याच्या अखेरीपर्यंत असते. पूर्वी जन्मठेपेच्या जागी ‘काळ्या पाण्या’ची शिक्षा होती. अशा माणसाला समुद्रापार, बहुधा अंदमानात, पाठवीत. स्वतंत्र भारताने १९५५ साली कायद्यात दुरुस्ती करून ही शिक्षा काढून टाकली आणि तिच्या जागी जन्मठेप आणली.

तुरुंगात जो असतो तो ‘कैदी’. परंतु कैदी हा शब्द तो मनुष्य कोठे आहे एवढेच सांगतो. त्याने काय केले आहे हे सांगत नाही. तुरुंगातील बोलीत कैद्यांचे दोन वर्ग आहेत : ‘कच्चे कैदी’ आणि ‘पक्के कैदी’. ज्यांचा गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झाली आहे ते पक्के आणि ज्यांचा खटला अजून चालू आहे ते कच्चे. कच्च्या कैद्याला कायद्याच्या भाषेत ‘न्यायाधीन बंदी’ असे म्हणतात. २०२२ सालच्या अखेरीस भारतातील तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती. त्यांपैकी सुमारे सव्वाचार लाखांहून अधिक न्यायाधीन होती. म्हणजे दर चार कैद्यांपैकी तिघांचा अपराध अजून सिद्ध व्हावयाचा होता. तुरुंगाच्या भिंतीकडे पाहून ‘आत सारे गुन्हेगार आहेत’ असे जो म्हणेल, तो या तिघांवर अन्याय करील. त्यांच्यापैकी कित्येकांना जामीन मिळूनही तो देण्यापुरता पैसा घरी नसतो. त्यांची मुलेही शाळेत जातात आणि ‘तुझे वडील कोठे असतात?’ या प्रश्नाला भितात.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर न्यायालयाने दोषी ठरविलेला प्रत्येक मनुष्य समाजाच्या दृष्टीने अपराधी असतोच असेही नाही. १९०८ साली इंग्रज सरकारच्या न्यायालयाने बाळ गंगाधर टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली. कायद्याच्या लेखी ते सिद्धदोष होते. लोकांच्या लेखी ते लोकमान्यच राहिले. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ लिहिला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. अशा माणसांना कैदी म्हणताना लोकांची जीभ अडखळे. म्हणून मराठीने त्यांच्यासाठी ‘राजबंदी’ हा निराळा शब्द वापरला. त्या एका शब्दाने लोकांनी आपला निकाल देऊन टाकला होता.

शब्द जसा माणसाला उंच नेतो, तसा त्याला चिरडूनही टाकतो. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला आणि भटकंती करून पोट भरणाऱ्या कित्येक जमातींना ‘गुन्हेगार जमाती’ ठरविले. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. या जमातींत जन्म झाला की मनुष्य गुन्हेगार! त्याने चोरी केली आहे की नाही, हे पाहण्याची गरजच उरली नाही. त्याचे नाव पोलिसांच्या वहीत लिहिले जाई. त्याला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. सोलापूरसारख्या ठिकाणी अशा लोकांना काटेरी तारांच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवीत. पाळण्यातील बालकालाही जेथे गुन्हेगार म्हणतात, तेथे भाषा आणि न्याय या दोहोंचाही पराभव झालेला असतो. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नवे नाव मिळाले. ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा एका दिवसात रद्द करता आला. परंतु लोकांच्या मनातील जुना शब्द तितक्या लवकर पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की पुष्कळदा सर्वांच्या नजरा आधी यांच्याच पालांकडे वळत. नजरेतला हा आरोप कोणत्याही न्यायालयात उभा राहत नाही. म्हणून त्यातून निर्दोष सुटण्याची सोयही नसते.

हा धडा ओळखून अलीकडच्या काळात पुष्कळ शब्द विचारपूर्वक बदलले गेले आहेत. १८ वर्षांखालील मुलाच्या हातून कायद्याचा भंग झाला, तर पूर्वी त्याला ‘बालगुन्हेगार’ म्हणत. आता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असे म्हणतात. शब्द लांबलचक आहे खरा. पण त्यात ‘बालक’ हा शब्द शिल्लक राहिला आहे आणि ‘गुन्हेगार’ हा शब्द गळून पडला आहे. महाराष्ट्रात तुरुंगांचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या नावातही ‘कारागृह’ या शब्दाला ‘सुधारसेवा’ हा शब्द जोडला आहे. या विचाराचा एक सुंदर प्रयोग स्वातंत्र्यापूर्वीच औंध संस्थानात झाला होता. संस्थानच्या अधिपतींनी आटपाडीजवळ गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांची एक खुली वसाहत वसविली. तेथे उंच भिंती नव्हत्या. कैद्यांनी शेती करावी आणि विश्वासाला विश्वासाने उत्तर द्यावे, अशी अपेक्षा होती. त्या वसाहतीला नाव दिले होते ‘स्वतंत्रपूर’. कैद्यांच्या वस्तीला स्वातंत्र्याचे नाव! याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. माणसाला ज्या नावाने हाक मारावी, तसा तो पुष्कळदा होत जातो, हे स्वतंत्रपूर वसविणाऱ्यांनी ओळखले होते.

न्यायालय फक्त शहरातील मोठ्या इमारतीतच भरते असे नाही. वर्गात एखाद्याची कंपासपेटी हरवते, तेव्हा तेथेही एक छोटेसे न्यायालय भरते. कोणीतरी फिर्यादी असतो, कोणीतरी संशयित होतो आणि साक्षीपुराव्याची वाट न पाहता चाळीस न्यायाधीश एकाच वेळी निकाल देऊन मोकळे होतात. बहुधा तो निकाल सर्वांत गरीब किंवा सर्वांत अबोल मुलावर जाऊन आदळतो. संध्याकाळी ती पेटी घरी दप्तराच्या तळाशी सापडते. पण सकाळी उच्चारलेला ‘चोर’ हा शब्द मात्र परत घेता येत नाही. म्हणून ज्याच्याविषयी शंका आहे त्याला संशयित म्हणावे, ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोपी म्हणावे आणि अपराधी हा शब्द, अपराध सिद्ध होईपर्यंत, ओठांच्या आतच ठेवावा. ज्याने शिक्षा भोगून संपविली, त्याला तर त्याच्या स्वतःच्या नावानेच हाक मारावी. कारण शिक्षेची मुदत न्यायाधीशांनी ठरविलेली असते आणि ती वाढविण्याचा अधिकार शेजाऱ्यांना नसतो.